सातबाऱ्याचा सात डिसेंबर होतो तेव्हा

एक्सेलची कोरी शीट उघडा. कुठल्याही सेलमध्ये इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाईप करा आणि एंटर दाबा. सातबारा तिथे राहत नाही. संगणकाची सेटिंग भारतीय असेल तर सेलमध्ये ७ डिसेंबर येतो, अमेरिकन असेल तर १२ जुलै. चूक लक्षात आली की माणूस साहजिकच सेलचा फॉरमॅट बदलून 'टेक्स्ट' करतो. तरीही सातबारा परत येत नाही. ती तारीख ७ डिसेंबर २०२४ झाली असेल, तर आता तिथे ४५६३३ हा आकडा उमटतो. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजत आणलेला दिवसाचा क्रमांक. तुम्ही जे टाईप केलं होतं, ते एंटर दाबताक्षणी गेलं. त्याची प्रत कुठेही ठेवलेली नाही.

गाव नमुना सात हा जमिनीच्या अधिकाराचा, गाव नमुना बारा हा पिकांचा, आणि दोन्ही मिळून सातबारा. महाराष्ट्रात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण ज्या प्रोग्रॅमला तो माहीत नाही, तो "मला कळलं नाही, आहे तसं ठेवतो" असं न म्हणता "ही तारीखच असणार" असं ठरवून मोकळा होतो. माझा आक्षेप नेमका या ठरवून टाकण्याला आहे. फाईल वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅमला पार्सर म्हणतात. पार्सरने समोर आलेल्या मजकुराचा प्रकार स्वतःच्या अंदाजाने बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. हे संख्या, ते तारीख, हे हो-नाही, असं परस्पर ठरवण्याचा अधिकार त्याचा नाही. तो अधिकार लिहिणाऱ्याचा आहे, किंवा त्या माहितीचा नमुना, म्हणजे कुठल्या खान्यात कसली नोंद यायची याचा आराखडा, ज्याने ठरवला त्याचा आहे.

काही वर्षांपूर्वी पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेची शेतकऱ्यांची यादी नीट करून द्यायला मी बसले होते. गावोगावचे अर्ज कागदावर भरलेले, मग ते दोन वेगवेगळ्या संगणकांवर टाईप केलेले, आणि शेवटी एका फाईलमध्ये एकत्र केलेले. 'सर्व्हे नंबर/हिस्सा' या कॉलममध्ये ओळीने दिसत होतं: ११२/१, मग ०७-फेब, मग १४८/३अ, मग ०३-मे, मग २०५/२. यादी सांभाळणाऱ्या ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मॅडम, जमिनीला तारीख कशी असेल?"

११२ तारीख कुठल्याच महिन्यात नसते, म्हणून ११२/१ वाचला. १४८/३अ मध्ये अक्षर आहे, म्हणून तोही वाचला. लहान नंबराच्या जमिनी तेवढ्या कॅलेंडरमध्ये गेल्या. आम्हाला वाटलं, महिन्याचा आकडा करून उलट फिरवलं की झालं: ०७-फेब म्हणजे ७/२. मग लक्षात आलं, की दोनपैकी एका संगणकाची सेटिंग अमेरिकन होती. तिथे २/७ टाईप केलं तरी ७ फेब्रुवारीच होते. आत साठवलेला दिवसाचा क्रमांकही तोच. म्हणजे ०७-फेब ही नोंद सात नंबरच्या दुसऱ्या हिश्श्याची की दोन नंबरच्या सातव्या हिश्श्याची, हे त्या फाईलमधून कुणालाही, कधीही सांगता आलं नसतं. त्या दोन हिश्श्यांचे मालक वेगळे, त्यांचे बांध वेगळे. आम्ही कागदी अर्जांचे गठ्ठे सोडले आणि एकेक नोंद हाताने ताडून पाहिली. त्यात चार दिवस गेले.

ही एक्सेलपुरती तक्रार नाही. एक्सेल सगळ्यांच्या ओळखीचं आहे म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली, इतकंच. प्रोग्रॅमर मंडळी जी साधनं वापरतात, त्यांतही हेच चालतं, आणि तिथे तर पडद्याकडे पाहणाऱ्या ताईही नसतात.

यॅमल नावाचा एक फॉरमॅट आहे. सर्व्हरच्या आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग फाईली आज मोठ्या प्रमाणावर त्यात लिहिल्या जातात. वाचायला सुटसुटीत, अवतरणचिन्हांची सक्ती नाही, म्हणून तो लोकप्रिय झाला. पण अवतरणचिन्ह नसेल तर समोरचा शब्द मजकूर आहे की आणखी काही, हे पार्सरला ओळखावं लागतं, आणि ओळखण्याचे नियम त्याने आधीच ठरवून ठेवलेले असतात. २००५ साली आलेल्या यॅमल १.१ मध्ये एक नियम असा, की शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची समजायची, म्हणजे दहाऐवजी आठच्या पटीत मोजायची. आता या पार्सरला आपल्याकडचे एसटीडी कोड वाचायला द्या. पुण्याचा ०२० आत गेला की १६ होऊन बाहेर येतो. मुंबईचा ०२२ येतो १८ होऊन. नागपूरचा ०७१२ होतो ४५८. पणजीचा ०८३२ मात्र जसाच्या तसा सुखरूप राहतो, कारण अष्टमान पद्धतीत ८ हा आकडाच नाही, म्हणून तो संख्येच्या साच्यात बसत नाही आणि मजकूर समजून सोडून दिला जातो. एकाच कॉलममध्ये, एकाच अर्थाच्या चार नोंदी. तिघी बदलल्या, एक वाचली. चाचणी घेणाऱ्याने नमुन्याला पणजी घेतली असती, तर त्याला सगळं ठीकच दिसलं असतं.

हीच यादी एक्सेलमध्ये उघडली तर पुण्याचा कोड १६ होत नाही, २० होतो. म्हणजे एका मजकुराचे दोन वाचकांनी दोन अर्थ लावले, आणि दोन्ही चुकीचे.

वेळेचं तसंच. यॅमल १.१ मध्ये साठच्या पटीत मोजायचीही सोय होती. गाड्यांच्या वेळापत्रकात १०:१५ असं लिहिलं, तर त्याचे ६१५ होतात: दहा तासांची सहाशे मिनिटं आणि वर पंधरा. पण ०९:४५ मात्र ०९:४५ च राहते, कारण या साच्यात पहिला आकडा १ ते ९ मधला असावा लागतो. म्हणजे सकाळी दहाच्या आतल्या गाड्या वेळेवर, आणि दहानंतरच्या सगळ्या मिनिटांत. ज्याने हे वेळापत्रक लिहिलं, त्याने काय चूक केली? त्याने वेळ लिहिली, लोक लिहितात तशीच.

यातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण नॉर्वेचं. देशांना दोन इंग्रजी अक्षरांचे आंतरराष्ट्रीय कोड असतात. भारताचा आय-एन, नॉर्वेचा एन-ओ. यॅमल १.१ च्या दृष्टीने एन-ओ म्हणजे 'नाही'. देशांची यादी वाचली की तिच्यात नॉर्वेच्या जागी 'असत्य' हे मूल्य येतं. प्रोग्रॅमर जगात याला 'नॉर्वेचा प्रश्न' असंच नाव पडलं आहे. २००९ च्या यॅमल १.२ ने हो-नाहीचे हे शब्द काढून फक्त 'ट्रू' आणि 'फॉल्स' ठेवले, साठच्या पटीची मोजणीही गेली, अष्टमान संख्येला वेगळी खूण आली. पण पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सर्रास वापरली जाणारी पाययॅमल ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आजही मुख्यतः १.१ च्या नियमांनीच चालते. नियम बदलावेत, तर जुन्या नियमांवर विसंबून लिहिलेल्या असंख्य फाईलींचा अर्थ एका रात्रीत बदलेल. चुकीचा अंदाज एकदा सवयीचा झाला, की दुरुस्ती हीच मोडतोड ठरते. म्हणून हा निर्णय पार्सर लिहितानाच नीट घ्यायचा असतो.

नामिबियाचं दुखणं वेगळ्या घरातलं आहे. त्याचा कोड एन-ए. पायथॉनमध्ये तक्ते वाचायला वापरली जाणारी पँडाज ही लायब्ररी सीएसव्ही फाईलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी खाने पाडलेल्या साध्या मजकूर फाईलमध्ये, एन-ए दिसलं, की "इथे माहिती नाही" असं आपणहून ठरवते. एक अख्खा देश रिकामी जागा होतो. पुढे कुणी रिकाम्या ओळी गाळल्या तर तो यादीतूनही जातो.

पँडाजच्या वागण्यात मला याहून जास्त खटकणारी गोष्ट आणखी एक आहे. ती पूर्ण कॉलम पाहून प्रकार ठरवते. मोबाईल नंबरांचा कॉलम पूर्ण भरलेला असेल तर ती त्याला पूर्णांक समजते. पण त्यात एकाच शेतकऱ्याचा नंबर रिकामा असेल, तर नेहमीच्या पद्धतीत सगळा कॉलम दशांश होतो, आणि ती यादी पुन्हा फाईलमध्ये लिहिली की प्रत्येक नंबराच्या शेवटी '.०' चिकटतं. उलट एका ओळीत कुणी 'नाही' असा शब्द लिहिला, की ते आकडे मजकूर म्हणून राहतात. म्हणजे माझ्या नंबराचा अर्थ काय, हे माझ्या शेजाऱ्याने काय लिहिलं त्यावर ठरतं. जूनची फाईल नीट वाचली गेली म्हणून जुलैची वाचली जाईल याची खात्री नाही, कारण जुलैत एक नवा शेतकरी आला आणि त्याच्याकडे मोबाईल नव्हता. अंदाजावर चालणाऱ्या वाचनाचा हा गाभ्यातला दोष आहे. अंदाज कितीही हुशार केला तरी तो जात नाही. हुशार अंदाज क्वचित चुकतो, आणि क्वचित चुकणाऱ्याची तपासणी कुणी करत नाही.

जीवशास्त्रात याची किंमत मोजून दाखवली गेली आहे. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी लघुनावं सप्टेंबर आणि मार्च या महिन्यांसारखी होती: 'सेप्ट' आणि पुढे आकडा, 'मार्च' आणि पुढे आकडा. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. २००४ सालीच यावर शोधनिबंध छापून आला होता. २०१६ मध्ये संशोधकांनी एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेले हजारो शोधनिबंध तपासले, तेव्हा सुमारे एकपंचमांश निबंधांत असा बिघाड सापडला. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हात टेकले आणि ती नावंच बदलली. 'सेप्ट' चं 'सेप्टिन' झालं, 'मार्च' ला पुढे 'एफ' जोडला गेला. म्हणजे एका पार्सरच्या सवयीपायी विज्ञानाने आपली परिभाषा बदलली. समितीला मी दोष देत नाही, संशोधकांचं काम अडू नये म्हणून तिने केलं ते योग्यच केलं. पण जनुकांना समिती तरी आहे. सर्व्हे नंबरांची नावं कोण बदलणार? आणि का बदलावीत?

मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सेलमध्ये यांतली काही रूपांतरं बंद करण्याचे पर्याय दिले: सुरुवातीची शून्यं काढणं, पंधरा आकड्यांपेक्षा लांब संख्या छाटणं, आकड्यांमधल्या 'ई' अक्षराला घातांक समजणं, आणि महिन्याच्या नावाला आकडा जोडून आला तर त्याची तारीख करणं. ही सुधारणा चांगलीच आहे. पण रूपांतर मुळात चालूच असतं, आणि ते बंद करायचं हे ज्याला ठाऊक आहे तोच ते बंद करतो. पंचायतीच्या कचेरीत, शाळेत, बचत गटाच्या हिशेबात जो माणूस एक्सेल उघडतो, त्याला पर्यायांच्या यादीत इतकं खोल जायचं कारण काय? बाईंनी गुण ८/१० असे भरले आणि तिथे ८ ऑक्टोबर दिसला. अंगणवाडीताईंनी वयोगट ३-६ असा लिहिला आणि ३ जून झाला. त्या दोघींनी जे लिहिलं ते बरोबर होतं. बरोबर लिहिणाऱ्याला सावध राहायला लावणारी व्यवस्था मला मान्य नाही.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते उडवून लावण्यासारखं नाही, मीही ते रोज अनुभवते.

पहिलं म्हणणं सोयीचं. किराणा दुकानदार महिन्याचा खर्च लिहितो, त्याला खाली बेरीज हवी असते. प्रत्येक आकड्याला "हा आकडा आहे" असं सांगत बसायला लावलं, तर तो वहीच बरी म्हणेल. खरं आहे. म्हणूनच माणूस समोर बसलेला असताना प्रोग्रॅमने सुचवण्याला माझा विरोध नाही. "ही तारीख दिसते, तारीख करू का?" असं त्याने विचारावं. करायचीच असेल तर करावी, पण टाईप केलेला मूळ मजकूर सेलच्या मागे जपून ठेवावा आणि एका क्लिकवर तो परत मिळावा. सोय आणि नाश या दोन गोष्टी एकत्र बांधण्याची गरज नाही. आज त्या बांधलेल्या आहेत, त्या सोडवा, एवढंच मागणं आहे. पार्सरचं मात्र वेगळं. तिथे समोर माणूस नसतो, "करू का" विचारायला कुणी नसतं. जिथे विचारता येत नाही, तिथे गृहीतही धरू नये.

दुसरं म्हणणं जुनं आणि वजनदार आहे. इंटरनेटच्या पायाभरणीत ज्यांचा मोठा वाटा आहे त्या जॉन पोस्टेल यांनी १९८० साली टीसीपीच्या, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी कसं बोलावं याच्या नियमांच्या, दस्तऐवजात एक तत्त्व नोंदवलं: आपण पाठवताना काटेकोर राहावं, दुसऱ्याचं घेताना उदार असावं. या उदारपणामुळे वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली यंत्रं एकमेकांशी बोलू शकली, हे नाकारता येत नाही. पण उदारपणे स्वीकारणं एक आणि मनाने अर्थ लावणं दुसरं. पाहुण्याने चप्पल काढली नाही तरी त्याला घरात घेणं हा उदारपणा झाला. पाहुण्याचं नाव नीट ऐकू आलं नाही म्हणून त्याला दुसऱ्याच नावाने सगळ्यांशी ओळख करून देणं याला उदारपणा म्हणत नाहीत. आणि इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनीही २०२३ मध्ये या तत्त्वाचा फेरविचार करणारा दस्तऐवज काढला. चुका निमूटपणे पोटात घालत राहिलं तर त्या चुकाच पुढे रूढ होतात, हा त्याचा आशय आहे. यॅमलचं नेमकं तेच झालं.

मग पार्सरने करावं तरी काय? माझ्या मते त्याने आलेला मजकूर अक्षरशः तसाच हातात धरावा. सीएसव्हीसारख्या फॉरमॅटमध्ये प्रकार सांगण्याची सोयच नाही, तिथे प्रत्येक खाना मजकूर म्हणूनच वाचावा. संख्या हवी असेल तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने "हा कॉलम मला पूर्णांक म्हणून दे" असं स्पष्ट मागावं. मागितल्यावर एखाद्या ओळीत तो साचा बसला नाही, तर पार्सरने थांबावं आणि ओळ क्रमांकासह सांगावं: इथे हे लिहिलं आहे, ते पूर्णांक नाही. रिकामी जागा टाकून किंवा शून्य भरून पुढे जाऊ नये. मोठ्याने झालेली चूक संध्याकाळपर्यंत सुधारली जाते. गुपचूप झालेली चूक वर्षभराने, कुणीतरी रांगेत उभा असताना सापडते.

हे स्वप्नरंजन नाही, अशी साधनं आहेत. २०१३ साली आलेल्या टॉमल फॉरमॅटमध्ये मजकुराला अवतरणचिन्ह हवंच. त्यामुळे तिथे नॉर्वे हा नॉर्वेच राहतो, आणि अवतरणचिन्हाविना एन-ओ लिहिलं तर पार्सर चूक दाखवून थांबतो. दोन चिन्हं जास्त टाईप करावी लागतात, हा त्याचा सगळा जाच. यॅमलच्याच घराण्यातला स्ट्रिक्टयॅमल सगळं मजकूर म्हणून वाचतो आणि नमुना दिला तरच प्रकार बदलतो. एसक्यूलाईट हा डेटाबेस तर प्रकारांच्या बाबतीत सैल म्हणूनच ओळखला जातो; त्यात कॉलमचा प्रकार 'स्ट्रिंग' असा लिहिला तर, नावावरून वाटतं त्याच्या उलट, तो संख्येकडे झुकतो आणि ०२० चे २० करून ठेवतो. त्यानेही २०२१ मध्ये काटेकोर तक्त्यांची सोय दिली.

प्रोग्रॅम एकमेकांना माहिती पाठवताना जो फॉरमॅट वापरतात, त्या जेसनबद्दल इथे एक सावधगिरीची सूचना करायला हवी, कारण "आम्ही जेसन वापरतो, आम्हाला ही भानगड नाही" असं मी पुष्कळदा ऐकते. जेसनमध्ये मजकूर आणि संख्या दिसायला वेगळ्या असतात हे खरं. पण संख्या किती मोठी चालेल हे तो फॉरमॅट ठरवत नाही, ते वाचणाऱ्यावर सोडतो. वेबपानांमागची जावास्क्रिप्ट ही भाषा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचे पूर्णांक बिनचूक धरते, त्यापुढे शेवटचे आकडे सरकू लागतात. पायथॉन तीच फाईल बिनचूक वाचते. ट्विटरच्या संदेशांचे क्रमांक २०१० मध्ये इतके वाढले, की प्रत्येक क्रमांक संख्येबरोबर मजकूर म्हणूनही पाठवायची वेळ आली. क्रमांक मुळात मजकूर म्हणून दिले असते तर हा द्राविडी प्राणायाम लागला नसता.

प्रश्न शेवटी तिथेच येतो: आकड्यांत लिहिलेलं सगळंच संख्या नसतं. ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही, ते नाव आहे. दोन पिनकोडांची बेरीज कुणी करत नाही. आधार क्रमांकाची सरासरी कुणी काढत नाही. बँकेच्या खात्याचा क्रमांक दुप्पट मोठा असला म्हणून खातं दुप्पट मोठं होत नाही. पण बारा आकडी आधार क्रमांक असलेली सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली, तर त्या जागी घातांकाच्या रूपातली एक गोळाबेरीज संख्या लिहिली जाते आणि फाईलमधले शेवटचे आकडे कायमचे जातात. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो. ज्या यादीवरून कुणाच्या तरी खात्यात पैसे जायचे आहेत, त्या यादीत हे होणं म्हणजे काय, हे रांगेत उभ्या राहिलेल्याला विचारा. संगणकातली चूक त्याला दिसत नाही. त्याला फक्त "तुमची माहिती जुळत नाही" एवढंच ऐकू येतं, आणि कागद घेऊन पुन्हा यायला सांगितलं जातं.

म्हणून हा विषय प्रोग्रॅमरांच्या आपापसातल्या वादाचा राहिलेला नाही. सरकारी खातं किंवा संस्था जेव्हा सीएसव्ही फाईल जाहीर करते, तेव्हा प्रत्येक कॉलमचा प्रकार सांगणारा नमुना तिच्यासोबत दिलाच पाहिजे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने सीएसव्हीसाठी अशा नमुन्याचं मानक २०१५ मध्येच प्रसिद्ध केलं आहे. नवं काही शोधायचं नाही, वापरायचं आहे. आणि निविदा काढून जिथे सॉफ्टवेअर विकत घेतलं जातं, तिथे "मूळ मजकूर न गमावता वाचेल" ही अट लिहिलेली असावी.

आपल्या भाषेच्या अंगाने आणखी एक गोष्ट मला सतत जाणवते. हे सगळे अंदाज इंग्रजीच्या चष्म्यातून केलेले आहेत. इंग्रजी 'नो' चा 'असत्य' होतो, मराठी 'नाही' ला कुणी हात लावत नाही. इंग्रजी 'मार्च' ची तारीख होते, फाल्गुनाची होत नाही. देवनागरी आकड्यांचं तर ज्याचं त्याचं राज्य आहे: पायथॉनला '१२' हा मजकूर देऊन पूर्णांक मागितला तर बारा मिळतात, जावा ही भाषाही ते मानते, जावास्क्रिप्ट "ही संख्या नाही" म्हणते. एकाच अर्जाचे देवनागरीत भरलेले आणि इंग्रजीत भरलेले खाने एकाच पार्सरमधून वेगवेगळे होऊन बाहेर येतात. यावर उपाय म्हणून अंदाज करणाऱ्या नियमांत मराठी शब्दही घाला, असं मी म्हणणार नाही. मग 'हो' नावाचं गाव आणि 'ना' हे आडनाव संकटात येईल. नियमच नकोत. लिहिणाऱ्याला विचारा.

त्या संस्थेत आम्ही तेच केलं. नव्या यादीत नावांच्या ओळीखाली आणखी एक ओळ ठेवायची आणि प्रत्येक कॉलम कसला आहे ते तिच्यात लिहायचं असं ठरलं. मी 'मजकूर', 'पूर्णांक', 'तारीख' असे शब्द सुचवले. ताईंनी ऐकून घेतलं, मग स्वतःच टाईप करायला बसल्या. क्षेत्र, लाभाची रक्कम, घरातली माणसं यांच्याखाली त्यांनी लिहिलं 'बेरजेचं'. सर्व्हे नंबर, आधार, खातं, मोबाईल यांच्याखाली लिहिलं 'नावाचं'. माझा छोटा प्रोग्रॅम आता ते दोन शब्द आणि 'तारीख' हा तिसरा, एवढेच ओळखतो. चौथा शब्द आला किंवा जागा रिकामी असली, तर फाईल उघडत नाही आणि कोणत्या कॉलमवर अडलं ते मराठीत सांगतो.